इमानआबांचा सोमवार

माणसांना इमान असो नसो, वस्तूंना ते असायलाच हवं, असं इमानआबांचं मत होतं. विहिरीचं पाणी चैत्रापर्यंत टिकलं की "हिला इमान हाय." हातातली काठी तीन पावसाळे टिकली, तर तिलाही होतं. गंगाखेडची एसटी मात्र "लय बेइमान." एकदा आईने चहात दूध कमी घातलं, तर कपात डोकावून म्हणाले, "वैनी, म्हैस बेइमान झाली का?"

आबा राणीसावरगावकडचे मेंढपाळ. कापसाची शेवटची वेचणी झाली की त्यांनी आमच्या रानात मेंढ्या चारायच्या, दोन दिवस तिथंच बसवायच्या, रानाला लेंडीखत मिळायचं आणि त्यांना थोडी ज्वारी, असं अण्णांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, त्यांचं तोंडी ठरलेलं. संक्रांतीनंतरचा दुसरा सोमवार. एका वर्षी शेजारच्या बागायतदाराने त्याच दिवसासाठी दुप्पट ज्वारी देऊ केली. आबा म्हणाले, "सोमवार अण्णाचा हाय." येऊ का, असं त्यांनी कधी विचारलं नाही. मला ते 'बाळा' म्हणायचे, माझ्या मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या तरी.

अण्णा गेले त्या वर्षी मला फरदडीचा मोह झाला. झाडं मोडायची नाहीत, पाणी देऊन आणखी एक वेचणी घ्यायची. रविवारी मी फवारणी केली. उद्या सोमवार आहे, आबांना फोन करायला हवा, हे ठाऊक होतं. केला नाही. का, ते आजही सांगता येत नाही.

सकाळी रानात पोचलो तर अकरा मेंढ्या पाय ताणून पडल्या होत्या. आबा एकेकीच्या तोंडाचा फेस पटक्याच्या शेवाने पुसत होते. मी भरपाईचं काहीतरी बोललो, ते त्यांनी ऐकलंच नाही. "अण्णाचं रान हाय म्हणून इचारलं न्हाई, बाळा," एवढंच म्हणाले आणि उरलेल्या मेंढ्या वळवून निघून गेले. मला रडू आलं नाही. अण्णा गेले तेव्हाही आलं नव्हतं. घरी जाऊन मी जेवलो.

पुढच्या वर्षी मी फरदड ठेवली नाही. आबा येणार नाहीत, असंच धरून चाललो होतो. त्या सोमवारी ते आले. मेंढ्या बांधापलीकडे थांबवून, काठी आडवी धरून उभे राहिले.

"मालक, फवारलंय का?"

मी नाही म्हणालो. त्यांनी एक पान तोडून हुंगलं, मग काठी बाजूला घेतली.

वारले तोवर त्यांनी एकही सोमवार चुकवला नाही. आणि एकदाही न विचारता आत आले नाहीत.