रिठीकरांनो, जागे व्हा!

ज्या गावाचं नाव नकाशावर आहे, त्या गावात माणसं राहतात, असा माझा समज होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या युवक मंडळाची पत्रकं मीच लिहायचो. अन्याय दिसला की पत्रक. (अन्याय नाही दिसला तर तो शोधून पत्रक.) एके दिवशी रद्दीच्या दुकानात मला नागपूरजवळच्या कुही भागाचा जुना नकाशा सापडला. नद्या, नाले, तलाव, शिवारांच्या वेड्यावाकड्या हद्दी. त्यात एक गाव होतं, बोरखेडी रिठी. आजूबाजूच्या गावांत शाळा, देऊळ, विहीर, रस्ता, सगळ्यांच्या खुणा. बोरखेडी रिठीत कोरा कागद!

तहसील कचेरीत जाऊन लोकसंख्या पाहिली. पुढे लिहिलं होतं, ‘निरंक’. घरं, निरंक. गुरं, निरंक. माझं रक्त उसळलं. नकाशा पुन्हा पाहिला तर त्यात आणखी सहा रिठ्या, आणि सहाही कोऱ्या. हा योगायोग असेल? रिठ्याच्या झाडांवरून नाव पडलेल्या गरीब गावांविरुद्धचा हा कट होता!

त्याच रात्री पत्रक लिहिलं. ‘रिठीकरांनो, जागे व्हा! रिठीच्या माउल्या अंधारात चूल पेटवतात, आणि पटवारी निरंक लिहून घोरतो!’ ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तिथं कोणी राहते का, आधी पाहून ये. मी म्हणालो, राहत असतीलच, म्हणून तर अन्याय. नागपुरात, जरीपटका वस्तीतल्या छापखान्यात गुलाबी कागदावर पत्रक छापलं, खाली माझं नाव आणि घरचा पूर्ण पत्ता टाकला (मी भित्रा नव्हतो) आणि कुहीच्या बाजारात जाऊन स्वतः वाटलं.

पुढच्या रविवारी ताईच्या सोयरिकीचं पक्कं करायला पाहुणे येणार होते. मुलगा मास्तर होता आणि ताईला पसंत होता. नागपुरातल्या तीन स्थळांना नकार देऊन ती याच्यासाठी थांबली होती. मुलाचे वडील काय करतात, हे आईनं मला दोनदा सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा अन्याय शोधत होतो.

मुलगा आणि त्याचे वडील आले. वडील बसले, पाणी प्यायले. मग दारावरच्या पाटीकडे मान वळवून पाहिलं आणि कोटाच्या खिशातून घडी केलेला गुलाबी कागद काढला. माझा गुलाबी कागद.

‘‘हे तुम्हीच लिहिलं का गा, बाबू?’’

मी उभा राहिलो. छाती काढून हो म्हणालो. शेजारी बाबांनी डोळे मिटून घेतले.

‘‘तो घोरणारा पटवारी मी आहो,’’ ते म्हणाले. ‘‘रिठी म्हणजे काय, ठाऊक आहे?’’

‘‘गाव.’’

‘‘उजाड गाव. लोकं कधीचेच उठून गेले. नाव अन् शिवार तेवढं कागदावर राहते. म्हणून मी निरंक लिहितो. नाही तर काय बाभळी मोजू?’’

आईच्या हातातली पोह्यांची बशी तिरपी झाली. मुलगा खिडकीबाहेर पाहू लागला. सोयरीक मोडली, असं मला तरी वाटलं. तेवढ्यात ताई पडद्यामागून बाहेर आली.

‘‘काकाजी, मी त्याले म्हटलं होतं, आधी पाहून ये म्हणून.’’

‘‘तुले काहून शंका आली वं, पोरी?’’

‘‘पत्रकात एवढ्या माउल्या रडून राहिल्या, पण एकीचंही नाव नाही.’’

 पटवारी पोटावर हात ठेवून हसले आणि बाबांना म्हणाले, ‘‘चला, घरात एकाले तरी कागद वाचता येते. साखर आणा.’’

साखर आली. माझ्या हातावर चिमूटभरच पडली.

मी आजही म्हणतो, चूक नकाशाची होती. कोऱ्या गावावर ‘कोरं’ असं स्पष्ट लिहायला काय जातं? पण ऐकतो कोण! लग्नात ताईच्या सासऱ्यांनी सगळ्या वऱ्हाडाला माझी ओळख ‘सातही रिठ्यांचे पुढारी’ अशी करून दिली. आधी राग आला. मग हिशेब केला. सात गावं माझ्या पाठीशी आहेत, आणि आजवर माझ्या एकाही भाषणात तिथलं कोणी उठून गेलेलं नाही.