तुसावर चढलेलं पाणी

घाट संपून एसटी जव्हारच्या अंगाला लागली तसं पेंढ्याच्या गंजींनी भरलेलं माळरान दिसू लागलं. शिरपामाळ बघायला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या आमच्या पुढून गेल्या. माझं काम त्याच्या बरंच पलीकडे, मोखाडा ओलांडून खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावर होतं.

जव्हारला कटिंग चहा घेऊन जीपमध्ये बसलो. मांडीवर कुणाची तरी कोंबडी आली.

"बाबा, पाय धरून ठेवा तिचे, नायतर मोखाड्याला आपल्याआधी पोचंल," ड्रायव्हर म्हणाला.

वळणावळणाने जाताना मी मनात तेच ते घोळवत होतो. विद्यापीठात ऊर्जा-अभियांत्रिकी शिकवत असताना याच पाड्यावर मी एक प्रयोग केला होता. पालापाचोळ्याचे गट्टू करायचे, ते भट्टीत अर्धवट जाळून वायू काढायचा, त्यावर पाण्याच्या पंपाचं इंजिन चालवायचं. भर उन्हाळ्यात आम्ही घरोघर विचारलं, "पाल्याचं काय करता?" सगळ्यांनी सांगितलं, "जाळतो." मी लिहिलं, पाला वाया जातो. भट्टी आली, पाला मात्र कुणी दिला नाही. अहवालात मी ठोकून दिलं, 'ग्रामस्थांचे सहकार्य नाही.' त्यानंतर कुठलाच प्रकल्प या पाड्याकडे फिरकला नाही.

पुढे एका शेतकी कॉलेजात राब भाजतानाची छायाचित्रं पाहिली. राब म्हणजे पेरणीआधी वाफ्यावर पाला, फांद्या, शेण पसरून जाळायचं. त्या राखेत नागली-भाताची रोपं धरतात. लोक जाळत होते ते शेतासाठी! कळूनही मी बरीच वर्षं गप्प राहिलो. शेवटी यंदा विद्यापीठाकडून तो निष्कर्ष मागे घ्यायला लावला आणि पाड्याला दुसरी चाचणी मिळाली. यावेळी इंधन भाताचं तूस. खोडाळ्याच्या भातगिरणीमागे त्याचे डोंगर साचतात. चाचणीत पाणी वरच्या टाकीत चढलं तर यंत्र कायमचं पाड्याचं होणार. नाही चढलं तर ट्रक ते परत नेणार होता. मी पाड्यावर पोचलो तेव्हा तो झाडाखाली उभाच होता.

प्रकल्प सांभाळणारी मेघना ही माझी जुनी विद्यार्थिनी. तिने मला बचत गटाच्या भिमाबाईंसमोर नेलं. मी सगळ्यांसमोर उभा राहून बोललो. "तुम्ही सहकार्य केलं नाही असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. तुमचा पाला राबाचा होता, मला ते कळलं नाही. विद्यापीठात आता तसंच लिहून ठेवलंय."

मग भिमाबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रागावल्या. त्या हसत होत्या.

"आमी म्हनलं, हा सायब राब पळवाया आलाय! जंगलाचा पाला नेतोय, मंग पेरायचं कशात? म्हनून आमी रात्री पाला उचलून लपवला व्हता!"

"लपवला होता?"

"नाय तर काय! तुमी येचीत बसला असता!"

पाडा खदखदून हसला. मीही हसलो, आणि मग चष्मा पुसावा लागला.

भट्टी पेटवली. वरच्या नळीतून आधी पांढरा, कडवट धूर आला. मेघनाने काडी धरली, पेट घेईना. पुन्हा धरली, विझली. ट्रकवाल्याने दार उघडून ठेवलं.

"तूस ओलं हाय काय गं?" भिमाबाईंनी विचारलं.

"कोरडं आहे मावशी. भट्टी तापू दे."

तिसऱ्या काडीला भक्कन आवाज झाला आणि नळीच्या तोंडाशी निळसर ज्योत उभी राहिली. वाऱ्यातही ढळेना. मेघनाने वायू इंजिनाकडे वळवला. इंजिन खोकलं, अडखळलं आणि एका लयीत चालू लागलं. सगळे वर टाकीकडे पळाले. मीही काठी टेकत निघालो. वाटेतल्या ओहोळात माझा एक बूट रुतला, तो तिथेच सोडला. वर पोचलो तेव्हा पाइपाने हवा फुरफुरत टाकली, मग गढूळ, मग स्वच्छ पाण्याचा लोट टाकीत कोसळला. बायांनी ओंजळी भरून एकमेकींच्या अंगावर उडवलं. एक ओंजळ माझ्या टकलावरही पडली.

ट्रक रिकामा परत गेला.

जेवायला नागलीची गरम भाकरी आणि सुकटीची चटणी होती. भिमाबाई आग्रह करत होत्या, "खा बाबा, राबातलीच हाय."

एका पायात बूट आणि दुसऱ्यात कुणाची तरी रबरी चप्पल घालून संध्याकाळी परतीच्या जीपमध्ये बसलो. शेजारच्या माणसाने पायाकडे बघत विचारलं, "कुठून आला बाबा?"

आयुष्यभर मी अशा यंत्रांना 'आमचं संयंत्र' म्हणत आलो. बोलायला तोंड उघडलं तेव्हा कळलं की ते शब्द आता जुळत नाहीत, आणि त्याचाच मला केवढा आनंद झाला.

"पाड्यावरून," मी सगळ्या जीपला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो, "त्यांची मशीन बघून आलो!"