न कापता पाहणे

संस्थान विलीन झालं त्याच्या पुढच्या साली, एका मंगळवारी, वर्गात शिकवताना वडील गेले.

ते शास्त्राचे मास्तर होते. परसातली पडवी पाडली तेव्हा तिथल्या राडारोड्यात एक झाड आपणहून उगवलं होतं. पानं ढालीसारखी, देठ कडेला नव्हे तर पानाच्या आत जोडलेला. कोवळ्या फांद्यांवर राखाडी पूड आणि दिवसभर मुंग्या. दूध घालणाऱ्या मावशींचं माहेर कोडोलीकडचं. नाव त्यांनीच सांगितलं, "चांदाडा हाय त्यो. रान तोडलं की पयला ह्योच उगवतोय."

वडील रोज सकाळी वही घेऊन झाडापुढे उभे राहत. मुंग्यांची हजेरी घेताय व्हय, असं मावशी विचारत. ते हसत आणि लिहीत राहत.

दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. आईला अंतर देणार नाही, असं काकांनी सांगितलं. माझं शिक्षण पुरं करीन, असंही सांगितलं. कावळे भिंतीवर बसून राहिले. ऊन चढलं. भटजी माझ्याकडे बघू लागले.

मी म्हणालो, "तुमची झाडाची वही पुरी करीन."

कावळा उतरला.

वहीत पान, फूल, फळ, साल सगळं लिहून झालं होतं. खाली एकच प्रश्न राहिला होता : मुंग्या झाडावर येतात, की झाडात राहतात? मी दोन महिने पाहत बसलो. संध्याकाळी त्या एका वाळक्या फांदीच्या भोकाशी दिसेनाशा होत. त्यापुढे काही कळेना. दिलेला शब्द जेवताना, वाचताना आठवत राही. शेवटी एका सकाळी मी कोयता घेतला आणि फांदी बुंध्यापासून तोडली. ती आतून पोकळ होती. पांढरी अंडी तोंडात धरून मुंग्या सैरावैरा बाहेर पडल्या.

मी लिहिलं, 'राहतात.' शाई वाळल्यावर पान उलटलं. मागे वडिलांच्या बारीक अक्षरात एक ओळ होती : 'फांदी पोकळ असावी. न कापता पाहणे.'

दूध घालायला आलेल्या मावशी तोडलेल्या फांदीकडे बघत राहिल्या. "मास्तरांनी कवा हात लावला न्हवता की त्याला," एवढंच म्हणाल्या.

त्या जखमेतून पाणी शिरलं आणि दोन पावसाळ्यांत झाड वाळलं. कावळा कशासाठी उतरला होता, हे मला ठरवता आलेलं नाही.

आता वही आहे. तिच्यातला शेवटचा शब्द माझ्या अक्षरात आहे.