पाच पिनांची मंडळी

गजाली, म्हणजे गप्पांतले किस्से, कोणी ठरवून गोळा करत नाही. माडाखाली झावळं पडतात तशा त्या पडत राहतात, आणि एक दिवस लक्षात येतं की अंगणात पाय ठेवायला जागा नाही. आमच्या मंडळाचं तसंच झालंय. कोणी विचारलं, "तुमचो तो हेडफोनचो नाद अजून आसा?" की एक सांगायला जावं आणि चार बाहेर पडतात.

मंडळ म्हणजे तीनच माणसं. मी, मालवणच्या बाजारात औषधांचं दुकान चालवणारा. दिगू, तारकर्लीला होमस्टे चालवणारा. आणि अण्णा, मुंबईत गोदीतली नोकरी संपवून धामापूरच्या वाटेवर घर बांधून राहिलेले, आमच्यात वयाने आणि मताने सगळ्यात मोठे. तिघांना एकच व्यसन, इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनचं.

साध्या हेडफोनात चुंबक असतो. ह्यात कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा पडदा दोन जाळ्यांच्या मधे ताणलेला असतो आणि त्यावर शेकडो व्होल्टचा दाब दिलेला असतो. पडदा इतका हलका की गायकाने श्वास घेतलेलाही ऐकू येतो. मात्र त्याला साधा अँप्लिफायर, आमच्या भाषेत अँप, चालत नाही, त्याच्याच जातीचा लागतो. नवे घ्यायचे तर कलमांची बाग विकावी लागेल, म्हणून आम्ही जपानी माणसांनी वापरून टाकलेले घेतो. 'परवडणारा' याची आमची व्याख्या सोपी आहे: ज्याचं खोकं घरात नेताना लपवावं लागत नाही, तो.

*

पहिला सेट दिगूने घेतला. खोकं घेऊन तो थेट माझ्या दुकानात आला आणि गिऱ्हाईकांसमोर काउंटरवर ठेवून म्हणाला, "ह्येची पिन मोबाईलात जाणा नाय."

जाणार कशी? त्या पिनेला पाच काटे होते. फोटो बघून हेडफोन मागवला होता, अँप वेगळा घ्यावा लागतो हे वाचलंच नव्हतं. मग अँप मागवला. तो कुठे अडकला कोण जाणे, पावसाळा तोंडावर आला तरी पत्ता नाही.

मधल्या काळात मी एकदा त्याच्याकडे गेलो. पडवीत आरामखुर्चीत दिगू, डोळे मिटलेले, डोक्यावर हेडफोन, आणि वायर जमिनीवर मोकळी पडलेली. मी त्याला हलवलं. "काय ऐकतंस रे?"

"कायएक नाय," तो म्हणाला. "सवय करतंय."

*

अँप शेवटी आला. अण्णा म्हणाले, एवढ्या लांबून आलेली वस्तू, गाऱ्हाणं घातल्याशिवाय चालू करायची नाही. आमच्याकडे होडी पाण्यात लोटताना, विहीर खणताना, पोरगी बघायला जाताना देवाला गाऱ्हाणं घालतात. अँपने काय घोडं मारलंय?

टेबलावर नारळ ठेवला. अण्णांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्यो जो काय अँप आज तुझ्या पायाकडे इलो हा, तेका तुझ्या पोरांन मोठ्या हौशेन घेतल्यान हा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"हडे व्होल्टेज कधी वर जाता, कधी खाली येता. त्या कमी-जास्तीपासून ह्येका सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

अण्णांनी बटण दाबलं. दिवा लागला, आणि त्याच क्षणी अख्ख्या वाडीची वीज गेली. ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. आम्ही तिघं काळोखात त्या अँपकडे बघत बसलो. मग दिगू गंभीरपणे म्हणाला, "देवान ऐकल्यान. सांभाळल्यान बघ कसो."

*

ह्या हेडफोनचा खरा शत्रू म्हणजे ओल. आणि आम्ही राहतो कुठे? जिथे आषाढात कपाटातल्या लग्नाच्या शालूलाही बुरशी धरते. पडद्यावर दमट हवा बसली की हेडफोन कुंईकुंई करतो, एका कानात आवाज बारीक होतो. इंटरनेटवरचे जाणकार लिहितात, हवाबंद कोरड्या डब्यात ठेवा. ते जाणकार बहुतेक राजस्थानात राहत असावेत.

दिगूने ही अडचण घरात बोलून दाखवली. त्याच्या आईने शांतपणे ऐकलं आणि पावसाळ्यात घरातली सगळ्यात कोरडी जागा कोणती याचा अनुभव तिला असल्यामुळे, हेडफोन सुक्या मासळीच्या, म्हणजे जवळ्याच्या, पत्र्याच्या डब्यात ठेवला. झाकण घट्ट लावून वर विटकर ठेवली.

आठवड्याने काढला तर कुंईकुंई पूर्ण बंद. दोन्ही कान सारखे. दिगू खूश होऊन तो अण्णांकडे घेऊन गेला. अण्णांनी तो घालून एक अख्खा राग ऐकला. तेवढा वेळ अण्णांचं मांजर मांडीवर चढून हेडफोनच्या गादीला पंजा घालत होतं.

"आवाज कसो वाटलो?" दिगूने विचारलं.

"स्वच्छ," अण्णा म्हणाले. "पण भूक लागता."

*

आता अण्णांबद्दल. त्यांची तक्रार एकच: वरचे सूर नाहीत. तंबोऱ्याची झणक नाही, झांजेची किनार नाही, सगळ्यावर कोणीतरी गोधडी टाकल्यासारखं. म्हणून त्यांनी अँप बदलला. मग जुन्या रेडिओसारखा व्हॉल्व्हचा घेतला. मग व्हॉल्व्ह बदलले. मग वायर बदलली. प्रत्येक वेळी चार दिवस "आता इलो सूर" असं म्हणायचे, आणि पाचव्या दिवशी परत गोधडी.

एकदा आम्ही ठरवलं की नीट तुलना करायची. दोन अँप, दोन्हीवर टॉवेल, म्हणजे कुठला चालू आहे ते दिसू नये. दिगू हेडफोनची वायर एकातून काढून दुसऱ्यात घालणार, आम्ही ऐकणार. पहिला ऐकला. दिगूने टॉवेलखाली खुडबुड केली. दुसरा ऐकला. अण्णा म्हणाले, दुसरा केव्हाही सरस, गळ्यातला कंप वेगळा कळतो. मलाही तसंच वाटलं, वर मी म्हणालो की दुसऱ्यात तबल्याला जरा जास्त जागा आहे. दिगूने स्वतः ऐकून मान डोलावली.

टॉवेल काढला तेव्हा कळलं की वायर निघालीच नव्हती. घट्ट बसली होती. आम्ही तिघांनी एकच अँप दोनदा ऐकला होता. अण्णांनी टॉवेलाची घडी घातली. मग अण्णा म्हणाले, "म्हणजे तापल्यार बरो वाजता."

*

पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. नलूवहिनींना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, ती आमच्या आधी कळली होती. कुकरच्या शिट्ट्या होऊन डाळ करपायची आणि अण्णा शेजारी पेपर वाचत असायचे. त्यांची मुलगी शिल्पा नाशिकला असते. तिचा फोन आला की अण्णा दोन वाक्यं ऐकायचे, "लाईन बरी नाय" म्हणायचे, आणि वहिनींचा हात पुढे आलेला असायचाच, त्यात फोन द्यायचे. मग वहिनी बोलत असताना अण्णा त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे. ते बघणं मला सहन व्हायचं नाही.

कुडाळच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वरचे आवाज कानातून गेलेत, मशीन लावा. अण्णा भडकले. "कानात मशीन घालून बाजारात फिरू? लोक बहिरो म्हणतले."

हे बोलताना त्यांच्या गळ्यात हेडफोन होता. वहिनी चहाचे कप गोळा करत होत्या. म्हणाल्या, "डोक्यार दोन करवंट्यो चलतत, कानात दाणो चलणा नाय."

अण्णांनी ते ऐकलं नाही. त्यांना ऐकूच गेलं नाही. वर्ष गेलं. त्या वर्षात त्यांनी अजून एक अँप घेतला, आणि शिल्पाने सकाळचा फोन थेट आईच्या नंबरवर करायला सुरुवात केली. तसं झालं त्याच दिवशी वहिनी माझ्या दुकानात येऊन नुसत्याच बाकावर बसल्या. औषध काही नको होतं. "तुम्ही दोघा कायतरी करा," एवढंच म्हणाल्या.

*

डोकं दिगूने चालवलं. आम्ही अण्णांकडे गेलो आणि तो मोबाईल बघत सहज बोलल्यासारखं म्हणाला, "अण्णानू, बाहेरच्या देशात आता लोक अँप बदलूचे बंद झाले. शेवटचो टप्पोच बदलतत."

"शेवटचो म्हणजे?"

"कानाकडचो. बारकोसो डिजिटल प्रीअँप. कानातच बसता. हेडफोन वरसून घालूचो."

अण्णांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. आम्हाला वाटलं, आता चप्पल येते. ते म्हणाले, "ऑडिशन करूक, आधी ऐकून बघूक गावता?"

कुडाळला ती मशीनं बसवून देणारी एक मुलगी आहे, शांत स्वभावाची. अण्णांनी तिला फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स विचारला, म्हणजे कुठले सूर किती उचलतं ते. तिने सांगितला. एक मॉडेल त्यांनी "पोकळ" म्हणून परत केलं, दुसरं "आवाज नाकातून येता" म्हणून. तिसरं ती कॉम्प्युटरला जोडून बसली आणि म्हणाली, "काका, हे मी तुमच्या कानांप्रमाणे सेट करते." अण्णा आमच्याकडे वळून अभिमानाने म्हणाले, "बघ. कस्टम ट्युनिंग."

निघताना तिने बजावलं की सुरुवातीला आवाज टोचतील, सवय व्हायला वेळ लागेल, काढून ठेवू नका. अण्णांना हे नवीन नव्हतं. कुठलाही सेट वाजून वाजून मुरल्याशिवाय त्याचा खरा सूर लागत नाही, ही आमच्या पंथातली पक्की श्रद्धा. त्यासाठी आम्ही नवे हेडफोन उशीखाली वाजत ठेवून जेवायला जातो.

घरी पोचलो. अण्णा हेडफोन घ्यायला उठणार एवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. शिल्पाचा. आईचा नंबर लागत नव्हता म्हणून इकडे केला होता. अण्णांनी उचलला. सवयीने वहिनींचा हात पुढे झाला.

अण्णांनी फोन दिला नाही. ते ऐकत राहिले. पलीकडून ती काय बोलत होती ते आम्हाला कळत नव्हतं, पण पुष्कळ बोलत होती. अण्णा नुसते "हां" आणि "मगे?" म्हणत होते. दिगू उठून अंगणात गेला. वहिनी तशाच उभ्या.

शेवटी अण्णांनी फोन कानाशी नीट धरला.

"आवाज जरा टोचता गो तुझो," ते म्हणाले. "मशीन नवीन आसा, मुरूक वेळ लागतलो. रोज फोन करीत जा."