पहिली पत्रिका म्हसोबाला

मुलीच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या आणि टीपॉयवर गठ्ठेच्या गठ्ठे पडून राहिले. आमच्यात पहिली पत्रिका शेतातल्या म्हसोबाला. ती ठेवल्याशिवाय दुसरी कुणाला द्यायची नाही. माझ्या लग्नात ठेवली होती. पुढे हडपसरचं शेत विकून आम्ही विश्रांतवाडीला फ्लॅटमध्ये आलो, आणि मग तिकडे कोण कशाला फिरकतंय! आता तिथे इतक्या इमारती उठल्यात की शेत नेमकं कुठे होतं हे मलाही सांगता येईना आणि वडिलांनाही.

"अण्णा, यंदा देवघरात ठेवू," मी म्हणालो.

"देवघरात त्यो हाय का?" विषय संपला.

बायको वेगळीच धुमसत होती. "अहो, माझा भाऊ फुगून बसलाय. सख्ख्या मामाला अजून पत्रिका नाही!"

मग फोनवरचा नकाशा उघडला आणि 'म्हसोबा' शोधलं. आमचा सोडून सगळ्या जिल्ह्यातले म्हसोबे निघाले. वडील शेजारी चष्मा लावून बसलेले. "कॅनॉलवरनं आत वळ. बाभळ लागंल." आता कुठली आलीय बाभळ! मी बोट सरकवतोय, नकाशा भलतीकडे पळतोय, आणि हे "मागं घे, मागं घे" करत मला बैलासारखे हाकतायत. माझं डोकंच फिरलं. "घ्या, तुम्हीच शोधा!" म्हणून फोन त्यांच्या हातात दिला, तर त्यांनी थेट माझ्या साहेबांना व्हिडिओ कॉल लावला.

शेवटी मुलीने उपग्रहाचे जुने फोटो कसे बघायचे ते दाखवलं. वर्षं मागे सारत गेलो तशा इमारती एकेक करून नाहीशा झाल्या, आणि हिरव्या तुकड्यात एक काळा गोल ठिपका उरला.

"हीर!" वडील जवळजवळ ओरडलेच. "आपली हीर! तिच्या काठालाच त्यो."

त्याच जागेचा आजचा फोटो लावला. भलीमोठी सोसायटी, आणि आत एकच देऊळ, नाव 'हनुमान मंदिर'. हे तर मी पहिल्याच दिवशी बघून सोडून दिलं होतं. आपल्याला मारुती कुठे हवा होता? त्याखाली कुणीतरी पाच तारे देऊन लिहिलं होतं, 'छान शांत जागा, पार्किंगची सोय आहे.' सोबत देवाचा फोटो होता. वडिलांनी तो मोठा करायला लावला. चकचकीत फरशी, शेंदूर फासलेला दगड, आणि दगडाचा एक खांदा उडालेला.

"ह्यो आपलाच," ते हळूच म्हणाले. "माझ्या नांगराचा फाळ लागला व्हता त्याला. लई दिस झोप न्हवती लागली."

शेंदूर दिसला की मारुती! या शहाण्यांनी आमच्या देवाचं परस्पर बारसं उरकलं होतं. असा संताप आला म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवशी रिक्षाने गेलो. गेटवर वॉचमनने अडवलं. बोलण्यावरून विदर्भाकडचा वाटला.

"कोणाकडे जायचं?"

"म्हसोबाकडं," वडील म्हणाले.

"कोणत्या फ्लॅटमधी राहते ते?"

मी समजावलं, चिडलो, आवाज चढवला. ही जमीन आमची होती हेही सांगून झालं. त्याने ऑफिसात फोन लावला. उत्तर आलं, मंदिर फक्त रहिवाशांसाठी. अहो, तुमच्या आधीपासूनचा रहिवासी तोच आहे! पण हे ऐकायला तिथे होतं कोण?

वॉचमन बिचारा ओशाळला. "पार्सल असन तर द्या काका. मी नेऊन ठेवतो."

वडिलांनी पिशवीतून पत्रिका काढली. तिथेच दुचाक्यांच्या गर्दीत उभं राहून तिला हळदकुंकू लावलं, वर अक्षता ठेवल्या, गेटच्या गजांतून आतल्या दिशेने हात जोडले आणि पत्रिका त्याच्या हातात दिली.

"कोणाकडून आली म्हणून सांगू?" त्याने सवयीने विचारलं.

वडिलांनी जराही विचार केला नाही.

"सांग त्याला, ज्याचा नांगर लागला व्हता, त्यो आलता."

मग ते माझ्याकडे वळले. "चल, आता मामाकडं."