दीड इंच खाली

आमच्या कॉलनीतल्या पोरांचं ठाम मत होतं की माझ्या बाबांना म्हातारचळ लागलाय. ज्या छोट्या पांढऱ्या गाडीने ते रोज सातपूरच्या कारखान्यात जायचे, ती त्यांनी एका रविवारी खाली बसवून आणली. म्हणजे चारही चाकांवरच्या मूळच्या स्प्रिंगा काढून तिथे आखूड स्प्रिंगा घातल्या. गाडीचं पोट जमिनीकडे झुकलं आणि चाकं कमानींत शिरल्यासारखी दिसायला लागली. असले उद्योग तेव्हा संध्याकाळी गंगापूर रोडवर चकरा मारणारी कॉलेजची मुलं करायची. डोक्यावरचे केस विरळ झालेला आणि खिशाला कारखान्याचा बिल्ला लावणारा माणूस ते करेल असं कोणाला वाटणार? "काका, काय कडक लूक दिलाय!" असं कोणी म्हणालं की बाबा ओशाळं हसायचे आणि पुढे जायचे. खरं कारण सांगायला आईची बंदी होती.

कारण आईच होती. ती मुलींच्या एका शाळेत गणित शिकवायची. नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं, मी कॉलेजात होते, आणि त्या उन्हाळ्यात आईची डावी बाजू गेली. वाचा शाबूत राहिली, डोकं तर पहिल्यापेक्षा तल्लख झालं असं बाबा म्हणायचे. डावा हात मात्र लोंबायचा आणि डावा पाय फरफटत यायचा. महिनोन्महिने घासून ती काठीवर घरभर चालायला लागली. शाळेने खूप सांभाळून घेतलं, पण रजा दिवाळीच्या सुट्टीपर्यंतच होती. सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी हजर व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची, असा सरळ मामला होता.

आईला ती नोकरी हवी होती. पगारासाठी म्हणाल तर तसं नव्हतं. घरी ती कोणाची तरी आजारी बायको आणि कोणाची तरी आजारी आई होती. शाळेत ती "बाई" होती. ती नुसती व्हरांड्यातून चालत गेली तरी वर्गांचा आवाज खाली यायचा, हे मी स्वतः पाहिलंय, कारण मी त्याच शाळेत शिकले आणि तिच्या हातचा मारही खाल्ला. शाळेला वरचा मजला होता, पण मुख्याध्यापिकांनी तिला तळमजल्यावरचाच वर्ग द्यायचं कबूल केलं होतं. प्रश्न फक्त शाळेपर्यंत पोचण्याचा होता.

रिक्षाची पायरी तिला जमेना. गाडीत आधी टेकून बसणं जमायचं, उजवा पाय आत घेणंही जमायचं. शेवटी राहायचा तो डावा पाय. तो उजव्या हाताने गुडघ्याखाली धरून उचलला की दाराखालच्या पट्टीला अडायचा. मग बाबा वाकून तो उचलून आत ठेवायचे. पहिल्यांदा आईने ते करू दिलं. दुसऱ्यांदा म्हणाली, "शाळेच्या दारात असं पोत्यासारखं मला हाताळायचं नाही. मी स्वतः बसेन, स्वतः उतरेन, नाहीतर जाणार नाही."

बाबा कारखान्यात मालाची तपासणी करायचे. त्यांच्या जगात कुठलीही अडचण आली की आधी ती मोजायची. आईच्या आजारपणात त्यांनी घरातली प्रत्येक गोष्ट मोजली होती. न्हाणीघराचा उंबरठा मोजून फोडून टाकला, पलंगाचे पाय मोजून कापले. मुख्य दाराच्या उंबरठ्यालाही ते छिन्नी लावणार होते, पण आई काठी आडवी धरून उभी राहिली. "तो राहू द्या. तो ओलांडल्याशिवाय मी बरी झाले असं मला कसं कळणार?" ती रोज सकाळी त्या उंबरठ्यावरून आत-बाहेर करायची आणि बाबा स्टीलची पट्टी घेऊन शेजारी बसायचे, पाय किती उचलला ते बघायला. मला या दोघांचा कधी कधी इतका राग यायचा! घरात जरा रडावं, भांडावं, तर ही दोघं आपली मापं घेत बसलेली.

त्या मापांतूनच बाबांच्या डोक्यात तो किडा शिरला. आईचा पाय हाताने जेवढा उचलला जातो आणि गाडीची पट्टी जेवढी उंच आहे, त्यात फरक होता जेमतेम दीड इंचाचा. पाय वर जात नसेल तर गाडी खाली आणायची. इतकं सोपं.

गावातल्या द्वारका चौकाकडे एक गॅरेज होतं, तिथे मीही बाबांबरोबर गेले. मिस्त्री म्हणाला, "साहेब, पोरं जुनीच स्प्रिंग कापून घेतात, पटकन काम होतं." बाबांनी कानावर हात ठेवले. कापलेली स्प्रिंग आपटते आणि आपल्या माणसाला हिसका बसता कामा नये, असं ते म्हणाले. त्यांनी मुंबईहून तयार आखूड स्प्रिंगा मागवून घेतल्या होत्या. मिस्त्रीने गाडी जॅकवर चढवली, खाली ठोकळे लावले, चाकं काढली. शॉकअपवरची जुनी स्प्रिंग शिकंज्यात आवळून बाहेर काढली तेव्हा बाबा तिच्याकडे असे बघत होते की जणू तिनेच इतके दिवस आईला अडवून ठेवलं होतं. "लय खाली जाईल बरं का गाडी," मिस्त्री म्हणाला. "आपल्याकडचे स्पीडब्रेकर तुम्हाला म्हाईत हायेत. पोट घासेल." बाबा म्हणाले, "घासू दे."

आणि घासलंच. घरी येताना पहिल्याच स्पीडब्रेकरवर खालून असा आवाज आला की मी डोळे मिटले. मग बाबांनी युक्ती काढली. गाडी तिरकी घालायची आणि त्याआधी मी उतरायचं, वजन कमी व्हावं म्हणून. मी उतरून चालत स्पीडब्रेकर ओलांडायची, पलीकडे पुन्हा बसायची. रस्त्यावरचे लोक बघत राहायचे. मी बाबांना म्हटलं, "यापेक्षा मी गाडीशेजारून पळत येते ना!" त्यावर ते मनापासून हसले. खूप दिवसांनी त्यांचं हसू ऐकलं मी.

संध्याकाळी आमच्या घराच्या फाटकाशी रंगीत तालीम झाली. आई टेकली, उजवा पाय आत घेतला, डावा हाताने उचलला आणि तो पट्टीवरून अलगद आत गेला. कशालाच लागला नाही. तिने स्वतः दार लावून घेतलं. मग दार उघडलं, पाय बाहेर टाकले, समोरच्या फाटकाचा गज धरला आणि उभी राहिली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. लहान मुलाला झोका सापडावा तसं तिचं चाललं होतं. बाबा चष्मा पुसत उभे होते. मीही रडले, उगाच काय सांगायचं. त्या आठवड्यात आईने लाल पेनं आणवली, साड्यांना इस्त्री करून घेतली आणि माझ्याकडून निऱ्यांना पिना लावून घ्यायचा सराव केला.

शाळा उघडली त्या सकाळी हवेत गारवा होता. बाबांनी गाडी धुऊन पुसून आणली. मी मागे बसले आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला मुकाट उतरले. आई समोर बघत होती, मांडीवर पर्स, ओठ घट्ट. शाळेच्या मैदानात प्रार्थनेसाठी मुली रांगांत उभ्या होत्या. आईला कमी चालावं लागावं म्हणून बाबांनी गाडी थेट व्हरांड्यासमोर नेली, म्हणजे सगळ्या रांगांच्या पुढ्यात.

आईने दार उघडलं, पाय बाहेर टाकले, काठी टेकवली आणि उठायला गेली. थोडी वर आली आणि परत सीटवर बसली. पुन्हा जोर लावला. पुन्हा बसली. मला आधी वाटलं की साडी कुठेतरी अडकली. मग काठी सोडून तिचा उजवा हात समोर हवेत काहीतरी शोधताना दिसला. घरी समोर फाटकाचा गज होता. ती उठायची ती त्या गजाला धरून, आणि आमच्या तिघांपैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. इथे समोर मोकळं मैदान होतं. आणि गाडी खाली आणली म्हणजे सीटही खाली गेली होती. इतक्या खोलातून तिला उठून दाखवायचं होतं, एका पायावर. आत जाण्याचं माप बाबांनी घेतलं होतं. बाहेर येण्याचं घ्यायचं राहूनच गेलं.

प्रार्थना संपली. सगळ्या रांगा आईकडे बघत होत्या. व्हरांड्यातून मुख्याध्यापिका निघाल्या, त्यांच्यामागे शिपाई खुर्ची घेऊन. बाबा धावत वळसा घालून आले आणि तिच्या काखेत हात घालायला वाकले.

"हात लावू नका," आई म्हणाली. अगदी हळू, पण वर्गात म्हणायची तशी.

"अगं, फक्त एकदा. एकदा उभी राहिलीस की—"

"हात लावू नका म्हटलं ना."

मग तिने उजवा पाय आत घेतला. डावा पाय हाताने उचलला. तो पट्टीवरून अलगद आत गेला, बाबांनी मोजला होता तसाच. तिने दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "चला."

परतताना मी एकाही स्पीडब्रेकरला उतरले नाही. गाडी घासत, आपटत घरी आली.

बाबांनी त्याच संध्याकाळी जुन्या स्प्रिंगा पुन्हा घालायचं काढलं. आई म्हणाली, "राहू द्या, कशाला आता." व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना मी सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "सीटवर कडक उशी ठेवा, उंच झाली की उठता येईल." इतकं साधं! मी घरी बसून ती उशी शिवली, आत जुन्या सतरंजीच्या घड्या भरल्या. बाबांनी उशी मोजली नाही. त्यांनी त्यानंतर घरात काहीच मोजलं नाही, ती स्टीलची पट्टी कारखान्यात परत नेली. काही आठवड्यांत आई त्या उशीवरून, गजाला न धरता, नुसत्या काठीवर उठायला लागली. मी आनंदाने शाळेचा विषय काढला. तेव्हा कळलं, राजीनामा तिने आधीच पाठवून दिला होता. मला भयंकर राग आला. एवढ्याशा गोष्टीसाठी? चार मुलींनी पाहिलं म्हणून? आज मी तिच्या त्या वेळच्या वयाला आलेय आणि आता तो राग काही येत नाही.

संध्याकाळी फिरायला जायचं मात्र तिने सोडलं नाही. बाबा कामावरून आले की ती स्वतः गाडीत बसायची आणि आम्ही धरणाच्या दिशेने, मळ्यांच्या बाजूने हिंडून यायचो. ती कुठेच उतरायची नाही. भाजी घ्यायची तर काच खाली करून, ओळखीचं कोणी भेटलं तर बसल्या जागेवरून. एकदा रस्ता खणलेला होता म्हणून बाबांना शाळेवरून गाडी घ्यावी लागली. नेमकी शाळा सुटलेली. गर्दीत गाडी थांबली आणि दोन वेण्या घातलेली एक मुलगी खिडकीशी आली. आईचा चेहराच बदलला. तिने तिला वर्ग विचारला, नव्या बाई कशा शिकवतात ते विचारलं, अपूर्णांक जमतात का ते विचारलं.

"नाही जमत," मुलगी म्हणाली. "बाई, उतरा ना. आतमध्ये सगळ्या जणी आहेत. सगळ्या विचारतात तुम्हाला."

काठी आईच्या हाताशी होती. दाराबाहेर रस्ता सपाट होता. बाबांनी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून ते वाट बघत राहिले.

"आज नको गं," आई म्हणाली. "उद्या उतरते. अपूर्णांकांची वही घेऊन इथेच थांब."

मुलगी खुश होऊन ओरडत आत पळाली. बाबांनी थोडा वेळ थांबून गाडी सुरू केली. दुसऱ्या दिवशी ती मुलगी वही घेऊन तिथे थांबली असणार, आणि आम्ही त्या रस्त्याने पुन्हा कधी गेलो नाही.