फ्रान्सताई

एरवी फ्रान्सताईचं बोलणं शेजारी बसलेल्यालाही नीट ऐकू यायचं नाही. पण पॉइंट मिळाला की ती अशी आरोळी ठोकायची की हॉलच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. तिचा खेळ सेबरचा. तलवारबाजीतला सगळ्यात वेगवान प्रकार. कमरेच्या वर पातं लागलं की दिवा पेटतो. फ्रान्समध्ये वर्षभर शिकून, तिथल्या एका नावाजलेल्या खेळाडूला हरवून ती परतली आणि भिलाईनं तिचं नावच बदलून टाकलं. पावर हाउसच्या चौकात तिचं पोस्टर लागलं. तिचे वडील पोलादाच्या प्लांटमध्ये फिटर. ड्यूटीवर जाताना सायकल थांबवून ते पाहायचे.

मी तिचीच शिष्या. "हाताकडे पाहू नको, पायाकडे पाह्य," ती म्हणायची. "हात खोटं बोलते, पाय नाही बोलत."

मग देशाच्या संघात एकच जागा उरली. निवडीचा शेवटचा सामना भिलाईत, आणि समोरासमोर आम्ही दोघी. ताईचा गुडघा संपत आला होता. ही तिची शेवटची संधी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हॉल तिच्या नावानं दणाणत होता.

चौदा-चौदा. पुढचा पॉइंट घेईल ती संघात. ताई झेपावली. मी तिचं पातं अडवून उलट वार केला. दोन्ही दिवे पेटले. अशा वेळी पॉइंट कुणाचा हे पंच ठरवतात: वार अडवला गेला असेल तर अडवणारीचा, नाहीतर आधी झेपावणारीचा. पंचांनी हात ताईकडे केला. लोक उभे राहिले.

आरोळी आली नाही. ताईनं मुखवटा काढला.

"सर, हिनं माझा वार अडवला होता. पॉइंट तिचा आहे."

 पंचांनी तिला पुन्हा विचारलं. तिनं तेच सांगितलं. पॉइंट मला मिळाला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, 'फ्रान्सताईनं आपल्या शिष्येले मुद्दाम जिंकवलं.' ताईचे वडील घरात तिच्याशी बोलेनासे झाले. मी मोहन नगरच्या आमच्या घरी दार लावून बसले. ताई लंगडत आली.

"मी नाही जात, ताई. तुझी जागा आहे ती."

तिला रागावलेलं मी तेव्हाच पाहिलं. "कावून नाही जात? तू नाही गेली, तर मी खोटं बोलली असंच म्हणतीन लोक! मले खोटी पाडून राहिली का तू?"

मी गेले. ताई पुन्हा सामना खेळली नाही.

निघायच्या दिवशी दुर्ग स्टेशनवर हार घेऊन माणसं आली होती. ताई माझा हात धरून उभी होती. एकानं मोबाइल रोखला आणि तिला म्हणाला, "मॅडम, जरा साइड में हो जाइए."

पूर्वी याच माणसांनी तिला खांद्यावर घेतलं होतं. ती बाजूला झाली. मी हात सोडला नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो छापून आला: हारांत बुडालेली मी, आणि माझ्या मुठीत कडेनं आलेला एक हात. खाली नाव माझं एकटीचं होतं.